कोकणात लँडस्केपिंग करायचं तर उद्यानविद्या कुठून आणि किती शिकावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: देवगडजवळ घर, बारावी सायन्स झालेली, घरची थोडी हापूसची कलमं, आणि आजूबाजूला होमस्टे, रिसॉर्ट, चाकरमान्यांचे नवे बंगले उभे राहताना दिसतायत. उद्यानविद्येचं शिक्षण घेऊन लँडस्केपिंगमध्ये करिअर होईल का, की आधी मुंबई-पुण्यात डिझाईनचा कोर्स करावा? आणि गावात राहून हे जमेल का?

माझं मत आधीच सांगतो. उद्यानविद्या आधी, डिझाईन नंतर, आणि हो, गावात राहून जमतं. पण खरा प्रश्न कोर्सचा नाही. कोकणातल्या मालकाला बाग कागदावर कशी दिसते यापेक्षा जुलैच्या पावसात ती वाहून जाणार नाही ना आणि मे महिन्यात विहीर तळाला गेल्यावर जगेल ना, याची काळजी असते. या दोन गोष्टींची खात्री जो देऊ शकतो, त्याला इथे काम कमी पडत नाही. ही खात्री माती, पाणी आणि झाड कळल्यावरच देता येते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मी ठरवू शकत नाही. चार वर्षं कमाईशिवाय काढता येतील का, हा त्यातला सगळ्यात मोठा. येत असतील तर बी.एस्सी. (ऑनर्स) हॉर्टिकल्चर करा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं उद्यानविद्या महाविद्यालय दापोलीतच आहे, आणि तुम्हाला जवळ पडेल असं दुसरं कुडाळ तालुक्यात मुळदे इथे आहे. प्रवेश एमएचटी-सीईटीवरून होतो. एक गोष्ट समजून जा: या पदवीत लँडस्केपिंगचे विषय एखाद-दुसरेच असतात. बाकी सगळं मृदशास्त्र, रोपवाटिका, फळझाडं, फुलझाडं, कीड-रोग, सिंचन. मुलं नेमकी यावरच नाराज होतात. पण साईटवर दहातल्या आठ अडचणी या ‘बाकी सगळ्या’तल्याच असतात.

चार वर्षं शक्य नसतील तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे आणि माळीकामाचे अभ्यासक्रम काम करता करता करता येतात. आयटीआयमध्ये फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग हा ट्रेड आहे, तो तुमच्या जिल्ह्यात चालू आहे का ते विचारून घ्या. सिंधुदुर्गात किर्लोसला, रत्नागिरीत लांज्याला, रायगडात रोह्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत; तिथल्या कलमं बांधण्याच्या आणि रोपवाटिकेच्या छोट्या प्रशिक्षणांना कमी लेखू नका. पदवी लागतेच अशी जागा म्हणजे सरकारी नोकरी. महानगरपालिकांच्या उद्यान खात्यातल्या बऱ्याच पदांना कृषी, उद्यानविद्या किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी मागतात. तो दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर पदवी घ्याच.

आणि कुठलाही कोर्स केलात तरी स्वतःला ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ म्हणवू नका. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टप्रमाणे नुसतं आर्किटेक्ट हे बिरुद नोंदणी झालेल्यांनाच लावता येतं. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला त्यात सूट आहे, पण त्या नावाने मालकाचा गैरसमज होऊ शकतो. उद्यान सल्लागार किंवा लँडस्केप काँट्रॅक्टर म्हणा. मोठ्या रिसॉर्टचं काम आलं तर आर्किटेक्टच्या हाताखाली लागवड आणि देखभाल तुम्ही घ्याल, आणि ती जागा चांगली आहे. त्यांनाही इथली माती ओळखणारा माणूस हवाच असतो.

आता मातीकडे येतो, कारण इथूनच काम वेगळं होतं. कोकणात एकाच तालुक्यात चार तऱ्हेच्या जागा मिळतात: सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा) जांभ्याचा कातळ, उताराची लाल माती, किनाऱ्याची पुळण आणि खाडीकाठची खाजण. यातली सगळ्यात फसवी जागा सड्याची. समुद्र दिसतो म्हणून बंगले तिथेच बांधतात आणि माती वीतभरही नसते. मालक म्हणतो, ब्रेकरने खड्डे मारू, माती भरू, झाडं लावू. असा खड्डा म्हणजे कातळात कोरलेली टाकी. पावसात ती भरते, पाणी जायला वाट नसते, आणि मुळं गुदमरून ऑगस्टपर्यंत झाड पिवळं पडतं. मालकाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून पाऊस ओसरला की तो आणखी पाणी घालतो.

म्हणून कातळात खड्डा मारला की मी तो आधी पाण्याने भरायला सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी उभं असेल तर उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापासून वीतभर रुंदीची चर बाहेर काढायची आणि ती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तुकड्यांनी भरायची. चर काढणं शक्य नसेल तर खड्डा उथळ ठेवून वर दोन फुटांचा मातीचा उंचवटा करायचा, भोवती चिऱ्याचा कट्टा बांधायचा आणि झाड उंचवट्यावर लावायचं. मातीचा हिशेबही आधीच द्यायचा. एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्याला साधारण 35 घनफूट माती लागते, म्हणजे तीन खड्ड्यांना साधारण एक ब्रास (शंभर घनफूट). तीस झाडं म्हणजे दहा ब्रास लाल माती, शिवाय शेणखत. हा आकडा ऐकल्यावर निम्मे मालक झाडांची संख्या कमी करतात, आणि ते बरंच असतं.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतं. वरून फेकलेलं सुपर फॉस्फेट झाडाला फारसं मिळतच नाही. ते शेणखतात मिसळून मुळांच्या टापूत गेलं पाहिजे. नत्राचं (नायट्रोजनचं) उलटं. युरिया जुलैत टाकला की चार दिवसांच्या झोडीत तो वाहून जातो. म्हणून नत्राचे हप्ते करायचे: एक पाऊस स्थिरावल्यावर थोडा, मुख्य सप्टेंबरमध्ये जोर ओसरल्यावर, आणि पाणी असेल तर पुढे हिवाळ्यात. लॉनला हजार चौरस फुटांना एका वेळी एक किलोच्या आसपास युरिया पुरतो. तो कोरड्या पात्यावर टाकायचा आणि लगेच पाणी द्यायचं. ओल्या पात्यावर दाणे चिकटले की दुसऱ्या दिवशी पिवळे ठिपके दिसतात आणि मालक बुरशीचं औषध आणायला धावतो.

लॉनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कोकणात सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. हजार चौरस फूट लॉनला सहा इंच मातीचा थर धरला तर पाच ब्रास माती होते. ती दबते, म्हणून सहा मागवायची. माती विकत घेताना त्यात लव्हाळ्याच्या गाठी आहेत का ते चाळून पाहा. भातखाचराच्या बांधाकडची माती आणली तर त्या हमखास येतात. माती पसरल्यावर लगेच गवत लावू नका. पाणी मारून दोन-तीन आठवडे थांबा, लव्हाळा उगवला की गाठीसकट खणून काढा आणि पुन्हा एकदा तेच करा. हे महिनाभराचं थांबणं मालकाला पटवता आलं नाही, तर पुढची दोन वर्षं त्या लॉनमध्ये मजूर बसवून लव्हाळा उपटावा लागतो, आणि ती मजुरी तुमच्या खिशातून जाते. मातीत वाळू मिसळायची तर नदीची. किनाऱ्यावरची वाळू काढणं बेकायदा आहे, आणि खाडीची वाळू मीठ घेऊन येते.

लॉन किती मोठं करायचं हे विहीर ठरवते. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर, म्हणजे रोज सुमारे साडेचारशे लिटर फक्त गवताला. पाच हजार चौरस फूट लॉन मागणाऱ्या रिसॉर्टला एप्रिल-मेमध्ये रोज सव्वादोन हजार लिटरांवर पाणी गवतावर ओतायचं आहे, तेही खोल्या भरलेल्या असताना. हा हिशेब कागदावर मांडून मालकापुढे ठेवा. बहुतेक वेळा लॉन बसायच्या जागेपुरतं उरतं आणि बाकी भागात झाडांची सावली, चिऱ्याची पाखाडी (दगडी वाट) आणि खाली सावलीत वाढणारी पानझाडं येतात. कोकणात तेच शोभतंही.

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी तपासून घेतल्याशिवाय झाडांची यादी करू नका, आणि नमुना मे महिन्यात घ्या. डिसेंबरात गोडं असलेलं पाणी मेमध्ये मचूळ होतं. पाण्यातलं मीठ दाखवणारी विद्युत वाहकता 0.7 च्या खाली असेल तर काळजी नाही, 0.7 ते 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या दरम्यान झाडं निवडून लावायची, 3 च्या वर फक्त खारं सोसणारीच. पाण्यातल्या मिठाने जुन्या पानांचे शेंडे आणि कडा झाडाच्या सगळ्या बाजूंनी करपतात. खाऱ्या वाऱ्याने करपतात ती समुद्राकडच्या बाजूची पानं, मागची हिरवी राहतात. जुलैत खालची पानं पिवळी पडून मातीला आंबूस वास येत असेल तर ते मीठ नव्हे, साचलेलं पाणी. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत, आणि लोक तिन्हींवर एकच खत घालतात.

वाऱ्याचा बंदोबस्त लागवडीच्या रांगांनी होतो. अगदी पुढे मर्यादवेल, केवडा. मग सुरू, उंडी, पारोशी भेंडी. त्यांच्या आडोशाला माड. त्यामागे बकुळ, सुरंगी, कोकम, अनंत, जास्वंद, अबोली. नीट वाढलेली वाऱ्याआडची रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत उपयोगी पडते. रांग भिंतीसारखी बंद नको. वारा थोडा गाळून गेला पाहिजे, नाहीतर तो वरून उसळून मागच्या झाडांवर आदळतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या माडा-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हापासून छपरावर झुकेल असं ठिसूळ लाकडाचं मोठं झाड मी यादीत घेत नाही. वाळूचे ढिगारे सपाट करून समुद्राकडचा व्ह्यू मोकळा करा, असं मालक सांगेल. ते करू नका. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत या टेकड्यांना सगळ्यात कडक संरक्षण आहे, आणि पहिली भरतीची धडक त्याच अडवतात.

झाडांच्या निवडीत रोपवाटिकेचं शिक्षण कसं कामाला येतं, त्याचं एक उदाहरण देतो. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बियांच्या रोपांत साधारण अर्धी नर निघतात. फळं हवीत तर कलम लावायचं. पण आडव्या फांदीची काडी घेऊन बांधलेलं कलम आडवंच पसरतं, त्याला कोकमाचा तो देखणा सुळक्यासारखा आकार येत नाही. रस्त्याच्या कडेला उंच निमुळती रांग हवी असेल तर बियांची रोपं लावा किंवा सरळ शेंड्याच्या काडीचं कलम मागा. जायफळाचंही तसंच. रोपवाटिकेत कलम बांधलेल्या माणसाला हे पाहताक्षणी कळतं.

म्हणून माझा आग्रह आहे की शिकत असतानाच एका रोपवाटिकेत दोन पावसाळे काम करा. जुलै-ऑगस्टमध्ये कोयकलमं, काजूची मृदुकाष्ठ कलमं, पावसाच्या सुरुवातीला गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडणं), मग पिशव्या भरणं, सावलीच्या जाळीखाली रोपं कडक करणं. बुरशी रोखणारं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण हाताने करायला शिका: एक किलो मोरचूद 50 लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या 50 लिटरमध्ये, मग दोन्ही एकत्र ढवळत ओतायचं. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहायची. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा. तसंच फवारलं तर पानं जळतात. पोफळीच्या कोळेरोगासाठी पहिली फवारणी पावसाचा जोर धरण्याआधी झाली पाहिजे. आणि पुढेमागे स्वतःची रोपवाटिका काढून फळझाडं विकायची असतील तर कृषी खात्याचा परवाना लागतो, 1969 पासून तसा कायदा आहे.

कोर्समध्ये फारसं न शिकवलेलं पण रोज लागणारं असंही बरंच आहे. पाण्याच्या नळीने लेव्हल काढणं, 3-4-5 च्या त्रिकोणाने गुण्या (काटकोन) काढणं, ब्रासमध्ये माती-खडीचा अंदाज, 1:100 वर हाताने प्लॅन काढणं. पाखाडीला पन्नासला एक इतका ढाळ द्यायचा, नाहीतर जुलैत शेवाळ धरून पाहुणे घसरतात. पागोळ्यांखाली माती ठेवायची नाही. दीड-दोन फूट रुंद खडीचा पट्टा करायचा, नाहीतर पहिल्या पावसातच रांगोळीसारखी लावलेली फुलझाडं उखडून भिंतीवर चिखल उडतो. चिऱ्याची राखण भिंत बांधली तर तिच्यात पाणी निघायला नळ्या ठेवायच्या आणि मागे खडी भरायची. सुका गडगा (नुसते दगड रचलेली भिंत) असेल तर तो आपसूकच पाणी सोडतो. म्हणून जुने गडगे पाडून सिमेंटचं कंपाउंड घालू पाहणाऱ्या मालकाला मी आवर्जून थांबवतो. प्लॅन काढायला कॉम्प्युटरवरचं एखादं सॉफ्टवेअर हळूहळू शिकून घ्या, दोन महिन्यांत हात बसतो. डिझाईनचा कोर्स त्यानंतर, दोन-चार बागा स्वतः वाढवून झाल्यावर, जास्त उपयोगी पडतो.

कामाचं वेळापत्रक मालकाच्या घाईवर सोडू नका. इथल्या बहुतेक मालकांना बाग दिवाळी-नाताळच्या सिझनला तयार हवी असते आणि ते फोन ऑगस्टमध्ये करतात. तुम्ही मागून मोजायला शिका. भिंती, पाखाडी, पाइपलाइन हिवाळ्यात. खड्डे मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऊन लागतं. मोठी झाडं मिरगाचा पाऊस नीट बसल्यावर. वळवाच्या एका सरीवर विसंबून लावलेली रोपं मधल्या उघाडीत करपतात. उतारावरचं लॉन जूनमध्ये लावलं तर मातीसकट खाली येतं, ते ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात लावायचं. असं केलं तर दिवाळीपर्यंत गवत पसरून माती झाकली जाते.

पैशाचं बोलायचं तर सुरुवात देखभालीच्या कामांनी करा. नवी बाग बनवण्याचं काम वर्षात कधीतरी येतं, देखभालीचे पैसे दर महिन्याला येतात, आणि दुसऱ्याने केलेल्या बागा कुठे फसल्या हे बघायला मिळतं. पण दर ठरवताना बारा महिन्यांचा एकच हिशेब धरू नका. पावसाळ्यात गवत आठ-दहा दिवसांनी कापावं लागतं, तणाला माणसं दुप्पट लागतात. हिवाळ्यात वीस दिवसांनी कापलं तरी चालतं. मजुरांचे दिवस महिन्यागणिक मांडा, मग सरासरी काढा. माडावर चढणाऱ्याचे पैसे झाडामागे वेगळे लावा, आणि वाटेवर किंवा गाड्या लावायच्या जागेवर झुकलेल्या माडांचे नारळ, वाळलेल्या झावळ्या वेळच्या वेळी उतरवणं करारात लिहूनच घ्या. नारळ डोक्यात पडून माणूस जातो.

नव्या बागेच्या अंदाजपत्रकात मी दहा टक्के रोपं मरतील असं धरूनच किंमत देतो. पैसे चार टप्प्यांत: आगाऊ, मातीकाम झाल्यावर, लागवड झाल्यावर, आणि शेवटचा छोटा हप्ता पावसाळा उलटल्यावर. शेवटचा हप्ता मागे ठेवल्याने मालकाचा विश्वास बसतो आणि तुम्हीही पावसात साईटवर फेऱ्या मारता. रोपांवर जीएसटी नाही, पण लँडस्केपिंगच्या सेवेवर आहे. उलाढाल वाढायला लागली की बिलं कशी करायची ते सीएला विचारून घ्या. झाड तोडायचं असेल तर मालक ‘आपल्याच जागेतलं आहे’ म्हणाला तरी परवानगी आहे का ते आधी पाहा. गावात 1964 चा आणि शहरी हद्दीत 1975 चा कायदा लागू होतो, आणि कुऱ्हाड ज्याच्या हातात सापडते तो आधी अडकतो.

तुमच्या बाबतीत आज काय करावं? सीईटीचा अर्ज भरा आणि पहिली पसंती मुळदे ठेवा, सुट्टीत घरी येणं सोपं पडेल. प्रवेश होईपर्यंतचे महिने वाया घालवू नका. घरच्या परड्यात एक कोपरा घ्या, दहा बाय दहा फुटांचा पुरे. त्यातल्या मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घ्या, पाणी उभं राहतं का पाहा, तिथे गावातल्याच सोनटक्का, अबोली, अनंत, कर्दळ यांच्या काड्या-कंद लावा आणि काय, कधी, किती घातलं याची वही ठेवा. एक पावसाळा आणि एक मे महिना त्या कोपऱ्याने काढला की तारखांसह फोटो काढून ठेवा. पहिल्या देखभालीच्या कामासाठी होमस्टेच्या मालकाकडे जाल तेव्हा ती वही आणि ते फोटो घेऊन जा.